त्या साली मेंढरं गंगापूरला आली नाहीत

मी ज्या संस्थेच्या रुग्णालयात काम केलं तिचा गौरवग्रंथ गेल्या आठवड्यात घरी आला. जाड, गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरं. सुनेनं पाकीट फोडलं आणि माझा फोटो असलेलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. फोटोत मी एका लहान मुलीच्या डोळ्यात उजेड टाकून बघतोय. खाली मथळा: 'दृष्टिदाता'. मजकूर असा की, मेंदूविज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची सांगड घालून माणसाच्या दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना या ज्येष्ठ नेत्रतज्ज्ञानं मोलाची साथ दिली, एका मेंढपाळाच्या जन्मांध मुलीला नजर दिली. आणि कुटुंबाच्या भटकंतीमुळं दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया लांबली नसती तर तिला दोन्ही डोळ्यांनी जग दिसलं असतं.

"हे रद्दीत टाक," मी म्हणालो.

"पप्पा, असं काय करता? किती छान लिहिलंय."

"छानच लिहिलंय. खोटं नेहमी छानच लिहितात."

एरवी या घरात मी आवाज चढवत नाही. पुस्तक तिनं कपाटावर ठेवून दिलं. ते अजून तिथंच आहे आणि मी रोज त्याच्याकडं बघून चिडतो.

मी दुरुस्ती पाठवली होती. छपाईच्या आधी, माझ्या हातानं लिहून, सहीनिशी. कुटुंब कुठंही भटकायला गेलेलं नव्हतं, आम्ही त्यांना थांबवलं होतं, हे स्पष्ट लिहिलं होतं. तरी तेच वाक्य छापलं. आता जे मला माहीत आहे ते मीच सांगतो. नावं लिहिणार नाही. नावांची गरजही नाही. या गोष्टीतला मुख्य दोषी कोण ते वाचून झाल्यावर कुणाला विचारावं लागणार नाही.

माझा जन्म पोलीस अ‍ॅक्शननंतरचा, गंगापूर तालुक्यातला. निजामाचं राज्य गेलं, पण वडलांच्या तोंडातले 'दरखास्त', 'तहसील', 'हुकूम' हे शब्द आणि आमची जमीन, दोन्ही जागच्या जागी राहिलं. दिवाळी उरकली की मेंढरांचे कळप गोदाकाठाकडं उतरायचे आणि ठरलेला एक मेंढपाळ आमच्या रानात मेंढरं बसवायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कळप रात्री रिकाम्या शेतात बसतो, लेंड्यांनी आणि मुतानं जमिनीला खत मिळतं, बदल्यात शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो. लिहून काही ठेवायचं नाही. बाप गेला की त्याच्या पोरानं त्याच रानात यायचं, आणि शेतकऱ्याच्या पोरानं त्याला नाही म्हणायचं नाही. माझ्या लहानपणी मेंढरं आली की थंडी आली असं आम्ही समजायचो.

मी डोळ्यांचा डॉक्टर झालो, धाकटा भाऊ शेतीवर राहिला. शहरात, शहागंजात दवाखाना टाकला. मोतीबिंदू काढण्यात माझा हात चांगला होता, हे मी फुशारकीनं सांगत नाही, शहर सांगायचं. एक म्हातारे अत्तरवाले पट्टी सुटल्यावर मला म्हणाले होते, "डॉक्टरसाब, कल तक चांद तीन दिखते थे. आज एकीच है. बाकी दो आपने रख लिये क्या?" अशा माणसांत माझी उमर गेली. साठी उलटल्यावर दवाखाना पोराच्या हवाली केला आणि एका संस्थेच्या रुग्णालयात आठवड्यातून काही दिवस जायला लागलो.

तिथं ते संशोधक आले. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि कॉम्प्युटरला चित्रं ओळखायला शिकवण्याचं वारं आपल्याकडं नुकतंच आलं होतं. दोघं मुख्य होते. एक मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या बाई आणि एक कॉम्प्युटरवाला, तिशीतला, हुशार, बोलायला गोड. त्यांचा प्रश्न मला पहिल्याच दिवशी आवडला. डोळा तर नुसता दरवाजा. बघतो तो मेंदू. मग मेंदू बघायला शिकतो कसा? कॉम्प्युटरवाल्यानं मेंदूची नक्कल करणारं एक जाळं बनवलं होतं, थरावर थर असलेलं. त्याला हजारो चित्रं दाखवायची, चुकलं की दुरुस्त करायचं, असं करत करत ते कुत्रं आणि मांजर वेगळं ओळखायला लागायचं. त्याला ते 'मॉडेल' म्हणायचे. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलाला शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा दिसायला लागतं, तेव्हा त्याचा मेंदू आणि हे मॉडेल एकाच वाटेनं शिकतात का, हे त्यांना बघायचं होतं.

मोठ्या शहरांत अशी मुलं मिळत नाहीत; तिथं जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही महिन्यांतच काढतात. आमच्याकडं मिळत होती. आमच्या मागासलेपणाचा कुणाला इतका उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंद झाला. आयुष्यभर भिंगं काढली आणि घातली. त्या भिंगामागं काय चालतं हे कुणी मला कधी विचारलं नव्हतं.

ती मुलगी गंगापूरकडच्या एका शिबिरात आली. चार-पाच वर्षांची. दोन्ही बुबुळांच्या मागं दुधाळ पडदा. आईनं तिला कडेवर घेतलं होतं, बाप मागं उभा.

"हिला काहीच दिसत नाही का, बाई?" मी विचारलं.

"उजेड कळतो. मानसं वासावरनं वळखती. मला कवा कवा शेळी म्हनती," आई म्हणाली आणि स्वतःच हसली.

बाप माझ्याकडं निरखून बघत होता. "साहेब, तुम्ही वडाखालच्या मळ्यातले थोरले ना?"

"व्हय," मी म्हणालो. गावाकडचा माणूस भेटला की माझी भाषा आपोआप गावाकडं जाते.

"तुमच्या रानात आमची मेंढरं बसत्यात. माझा बाप बसवायचा, आता मी बसवतो." त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "मग काय इचारायचंच नाय. पोर तुमच्या हाती."

हे वाक्य मी पुढं कित्येकदा आठवून बघितलंय. त्यानं मला डॉक्टर म्हणून पोर दिली नाही. रानाच्या नात्यानं दिली.

उजवा डोळा आधी केला. पट्टी सुटल्यावर मुलगी आनंदानं हसते, आईला ओळखते, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. ती किंचाळली आणि तोंड झाकून बसली. आईचा चेहरा तिच्या दृष्टीनं काहीतरी हलणारं होतं, एवढंच. आई बोलली तेव्हा तिनं हात लांब केला. पुढं हळूहळू तिला हलणाऱ्या गोष्टी कळायला लागल्या, मग रंग, मग वाटी, मग शेळी.

दर पंधरवड्याला तपासणी असायची. डोक्यावर तारांची टोपी घालून तिला पडद्यापुढं बसवायचं, चित्रं दाखवायची, मेंदूच्या लहरी टिपायच्या. तीच चित्रं मॉडेलला. टोपीसाठी केस कोरडे लागायचे, आणि तिची आई दर खेपेला चोपून तेल घालून आणायची.

"बाई, तेल नको म्हणून किती वेळा सांगितलं?" मेंदूवाल्या बाई म्हणायच्या.

"बिनतेलाची पोर घिऊन गावातनं कशी यिऊ? लोक म्हनतील, हिची आय मेली का काय."

मग रुग्णालयाच्या नळाखाली शाम्पू लावून केस धुवायचे, पंख्याखाली वाळवायचे आणि टोपी चढवायची. जाताना आई पिशवीतली बाटली काढून पुन्हा तेल घालायची. आम्ही सगळे हसायचो. तेवढे दिवस खरोखर चांगले होते. एकदा काळी मेंढी दाखवली तर मुलगीही 'कुत्रं' म्हणाली आणि मॉडेलही 'कुत्रं' म्हणालं, तेव्हा कॉम्प्युटरवाल्यानं खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या होत्या. "सर, दोघं सारखंच चुकले."

आता डाव्या डोळ्याचं.

रिवाजाप्रमाणं मी तो महिन्याभरात केला असता. कोणत्याही डोळ्याच्या डॉक्टरनं केला असता. तारीख देणार होतो, तेव्हा कॉम्प्युटरवाला माझ्या खोलीत आला. बाईही होत्या.

"सर, दुसरा डोळा इतक्यात नको," तो म्हणाला. "एक डोळा शिकतोय आणि एक कोरा आहे, एकाच मेंदूत. अशी तुलना जगात कुणाकडं नाही. वर्षभर थांबू, मग तो उघडू, आणि शिकलेल्या मेंदूला नवा डोळा किती लवकर जमतो ते बघू."

बाई म्हणाल्या, "मांजरीच्या पिल्लांवर हे फार पूर्वी करून झालंय. एक डोळा बंद ठेवला की उघडा डोळा मेंदूतली त्याची जागा खातो. नंतर बंद डोळा उघडला तरी मेंदू त्याचं ऐकत नाही."

"म्हणूनच मी मॉडेलवर करून बघितलं," असं म्हणून त्यानं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. त्यानं मॉडेलला दोन डोळे दिले होते, एक झाकून बराच काळ शिकवलं होतं, मग झाकलेला उघडला होता. पडद्यावर दोन रेषा होत्या, कोणता डोळा किती बरोबर ओळखतो ते दाखवणाऱ्या. दुसऱ्या डोळ्याची रेष सुरुवातीला खाली, मग चढत चढत पहिलीला येऊन मिळालेली. "एका दिवसात सावरलं, सर."

"मॉडेल आहे ते," बाई म्हणाल्या.

"मग आपण इथं करतोय काय, मॅडम? मॉडेल मेंदूसारखं आहे, एवढंच तर सिद्ध करतोय ना?"

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी त्या रेषांकडं बघत होतो.

तीस वर्षं मी आईबापांना ओरडून सांगत आलो होतो की लहान मुलाच्या डोळ्याला उशीर करू नका. मेंदूचं दार सहा-सात वर्षांनंतर बंद होत जातं. आज काढलेला मोतीबिंदू आणि वर्षानं काढलेला मोतीबिंदू एक नव्हे. त्यातही एक डोळा उघडा आणि एक बंद ठेवणं हे दोन्ही बंद ठेवण्यापेक्षा वाईट. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि त्या जाळ्यात काय नव्हतं हेही एका प्रश्नात कळलं असतं: याला वय आहे का? नव्हतं. पहिल्या दिवशी ते जितकं शिकू शकत होतं तितकंच ते शेवटच्या दिवशीही शिकू शकत होतं. दार बंद होण्याची गोष्ट त्यात कुणी घातलीच नव्हती, कारण ती न घालणं सोयीचं होतं. शिवाय रोज संध्याकाळी तो मॉडेलची प्रत जपून ठेवायचा. बिघडलं तर कालची प्रत उघडायची आणि पुन्हा सुरुवात करायची. मुलीची प्रत आमच्याकडं नव्हती.

मी तो प्रश्न विचारला नाही. मला ती रेष हवी होती. ती जगात पहिल्यांदा माझ्या रुग्णालयातून निघणार होती, आणि मी, शहागंजातला मोतीबिंदूवाला, तिच्याखाली सही करणार होतो.

"थांबू या," मी म्हणालो.

परवानगी देणारी समिती होती. तिचा अध्यक्ष मीच होतो. मुलीच्या आईला कोण सांगणार, असा प्रश्न निघाला. तेही मीच केलं, गावाकडच्या भाषेत.

"दुसऱ्या डोळ्याला जरा थांबावं लागंल, बाई."

"थांबू की. लई दिवस?"

"नाय, थोडे."

याला कागदोपत्री माहितीपूर्वक संमती म्हणतात.

दिवाळी झाली आणि बाप रुग्णालयात आला. दाराशीच उभा राहिला. "साहेब, तळ हलवायची येळ झाली. पोरीचं कसं करायचं?"

"औंदा जाऊ नका," मी म्हणालो. "दर पंधरवड्याला तिला इथं आणावं लागंल. गेलात तर केलेलं सगळं वाया जाईल."

मेंढपाळाला दिवाळीनंतर जाऊ नका म्हणणं म्हणजे काय, हे कॉम्प्युटरवाल्याला कळत नव्हतं. मला कळत होतं.

"पोरीच्या डोळ्याचा सवाल हाय," तो शेवटी म्हणाला, "तर नाय जात."

मेंढरं त्यानं आपल्या धाकट्या भावाच्या कळपात घातली. तो भाऊ जालन्याच्या अंगानं गेला. हा बायको-पोरीला घेऊन पडेगावला राहिला, दौलताबादच्या रस्त्याला, जिथं तेव्हा प्लॉट पडत होते आणि बांधकामावर मजूर लागत होते. आयुष्यभर कळपामागं चाललेला माणूस घमेली उचलायला लागला. बायको न चुकता पोरीला घेऊन येत राहिली. एकदाही तपासणी बुडाली नाही. एकदाही. हे मी दोनदा लिहितोय, कारण पुढं आम्ही त्याच्या उलटं लिहिलं.

"दुसऱ्याचं कवा, डॉक्टरसाहेब?" ती दर वेळी विचारायची.

"पुढच्या खेपंला बघू."

काही महिन्यांनी तिनं विचारणं सोडलं. नुसती पोरीच्या डाव्या डोळ्याकडं बघायची, मग माझ्याकडं. मी टॉर्च चालू करायचो.

त्याच हिवाळ्यात गंगापूरहून भावाचा फोन आला. "औंदा मेंढरं नाय आली रानात. कुठं मेली ती लोकं?"

"इथंच हायेत, पडेगावला. पोरीचं काम चालू हाय माझ्याकडं."

"तुझं काम चालू हाय, ते बरं हाय. माझ्या रानाला खत कोण घालणार, तुझा कॉम्प्युटर?"

म्हणजे ते कुटुंब गेलं नव्हतं, याचा पुरावा माझ्या स्वतःच्या घरातून आला होता.

वर्ष झालं आणि मी डावा डोळा केला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. भिंग जागेवर, डोळ्याचा मागचा पडदा निरोगी. माझ्या बाजूनं डोळा निर्दोष होता; मेंदू त्याला घरात घेईना. आता उजव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधायची आणि डाव्याला काम करायला लावायचं, हा एकच इलाज होता. मी आईला सांगितलं, "पोर रडली तरी पट्टी काढू द्यायची नाय." पट्टी बांधली की ती पोर पुन्हा आंधळी व्हायची. एका जागी बसून राहायची. मग पट्टी ओरबाडायची. महिने गेले. डोळ्यापुढं हात हलवला तर तिला कळायचं, त्यापुढं काही नाही. पाठ्यपुस्तकं अशा डोळ्याला आळशी डोळा म्हणतात. आळशी कोण होतं, ते पुस्तकांना विचारायची सोय नाही.

कॉम्प्युटरवाल्यानं मग मॉडेलमध्ये वय घातलं. जसजसे दिवस जातील तसतशी शिकण्याची ताकद कमी होईल अशी सोय केली, आणि पुन्हा एक डोळा झाकून बघितला. या वेळी दुसऱ्या डोळ्याची रेष खालीच राहिली. तो धावत माझ्याकडं आला. "सर, आता मॉडेल अगदी बरोबर वागतंय."

त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. तो दुष्ट नव्हता. मला त्याचा जितका राग येतो त्याहून जास्त या गोष्टीचा येतो की त्या दिवशी मीही त्याची पाठ थोपटली. मुलीचा डोळा गेला आणि मॉडेल सुधारलं, आणि आम्ही चहा मागवला.

आमचा शोधनिबंध परदेशी नियतकालिकाला गेला. बाई तोवर दुसऱ्या देशात नोकरीला गेल्या होत्या. नियतकालिकाच्या परीक्षकानं एकच अडचणीचा प्रश्न विचारला: दुसरी शस्त्रक्रिया इतकी लांबली का? कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला.

"सर, आपण थांबवलं असं लिहिलं तर निबंध जाईल, आणि आपणही जाऊ. ते लोक भटके आहेत, हे तर खरंच आहे ना?"

"आहेत खरे."

"मग तेवढंच लिहू."

कुटुंबाच्या भटकंतीमुळं शस्त्रक्रिया लांबली, असं वाक्य त्यानं वाचून दाखवलं. मी ऐकलं, आणि त्यातलं इंग्रजी थोडं कच्चं होतं म्हणून एक शब्द बदलायला सांगितला. वाक्य खोटं होतं त्याचं मला काही वाटलं नाही; कच्चं होतं त्याचं वाटलं.

पुढच्या दिवाळीपासून मुलीच्या बापाची मेंढरं पुन्हा आमच्या रानात बसायला लागली. इतकी वर्षं बसत राहिली. मी सणाला गावी गेलो की तो रामराम करायचा आणि पोर शाळेत जाते म्हणून सांगायचा. मी खिशातून चॉकलेटं काढून द्यायचो.

परवाच्या उन्हाळ्यात ती मुलगी माझ्या घरी आली. उंच, सडपातळ, पायात धावण्याचे बूट. खुर्चीत बसताना तिनं मान जराशी वळवली, उजवा डोळा माझ्याकडं येईल अशी.

"वळखलं का?"

"डोळ्यावरनं ओळखलं, बाळ."

"समदे त्याच्यावरनंच वळखतात. अन् बाळ नका म्हनू."

ती पोलीस भरतीची तयारी करत होती. धावण्यात पुढं, लेखी परीक्षेत पास, आणि वैद्यकीय तपासणीत बाद. डाव्या डोळ्यामुळं. तिथला डॉक्टर म्हणाला होता, लहानपणी आईबापानं वेळेत आणलं असतं तर हा डोळा वाचला असता. तिनं मग आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावरून निबंध शोधून काढला, मोबाईलवर त्याचं मराठी केलं. तिथंही तेच.

"म्या बापाला लई बोलले," ती म्हणाली. "मेंढरं मोठी का मी मोठी, म्हनलं. तो म्हनला, आम्ही त्या साली कुठंच गेलो नाय, पडेगावातच व्हतो. म्या म्हनलं, एवढा मोठा डॉक्टर खोटं लिहील व्हय? तवापासून एका घरात ऱ्हातो अन् बोलत नाय. मला एवढंच सांगा. बाप खोटा का कागद खोटा?"

मी म्हणालो, "चहा घे आधी."

"चहा नको."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला आत जायला सांगितलं. ती गेली नाही.

"कागद," मी म्हणालो.

मुलीनं मान आणखी वळवली आणि उजवा डोळा माझ्यावर रोखला.

"कागद खोटा आहे. तुझा बाप थांबला होता. मी थांबवलं होतं. डोळा मी लांबवला."

"का?"

मी सांगितलं. मॉडेल, दोन रेषा, वर्षभराची तुलना. ती नीट ऐकत होती. मध्ये अडवलं नाही.

"ते मशीन आता चांगलं बघतं?" तिनं विचारलं.

"बघतं."

"दोन्ही डोळ्यांनी?"

"हो."

ती उठली. "हे माझ्या बापापुढं सांगायचं. माझ्यापुढं सांगून काय करू मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडेगावला गेलो. त्यांनी तिथंच बांधलेलं दोन खोल्यांचं घर, बाजूला काटेरी कुंपणात मेंढरं. बाप एका मेंढीला पायांत धरून लोकर कातरत होता. मला बघून उठायला लागला, मी बसा म्हणालो. उभ्यानंच सगळं सांगितलं. त्याची कातर थांबली नाही.

"आम्ही थांबलो व्हतो हे मला म्हाईत हाय, साहेब," तो म्हणाला. "ते तुमच्याकडनं कळायची गरज नव्हती. हिला कळलं का?"

"कळलं," मुलगी म्हणाली.

"मग झालं."

"झालं कसं?" आई दारातून बोलली. इतकी वर्षं मी तिला हसताना आणि विचारतानाच ऐकलं होतं. "पट्टी काढती म्हनून म्या हिला मारलं. रोज मारलं. डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय म्हनून मारलं. डोळा जानार हे तुमाला आधीच ठावं व्हतं, तर त्यो मार कशापायी? त्यो कुनाच्या नावावर लिवायचा?"

मुलगी आईजवळ जाऊन उभी राहिली, आणि म्हणाली, "लिहून द्या. जिथं पहिलं लिहिलं तिथंच."

मी लिहिलं. नियतकालिकाला लिहिलं, तिथून पोच आली, विचार चालू आहे म्हणतात. संस्थेला लिहिलं. तिथल्या गृहस्थांचा फोन आला, "सर, या वयात कशाला मनस्ताप? ग्रंथ छपाईला निघालाय." कॉम्प्युटरवालाही बोलला. तो आता मोठा माणूस आहे. म्हणाला, "सर, विज्ञानाला यानं काही फरक पडत नाही. आकडे सगळे खरे आहेत." आकडे खरे आहेत. उशिराचं कारण खोटं आहे. एका माणसानं पोरीसाठी त्याचा हिवाळा, त्याचा कळप, त्याची वाट सोडली, आणि आम्ही जगाला सांगितलं की तो मेंढरांमागं गेला. यानं ज्याला फरक पडत नाही ते विज्ञान त्यांनी खुशाल आपल्याकडं ठेवावं.

आईनं विचारलं होतं, त्याचं उत्तर इथं लिहितो. पट्टी ओरबाडली म्हणून त्या मुलीला बसलेला मार माझ्या नावावर लिहायचा. तिच्या आईच्या नाही.

इथवर लिहून झाल्यावर काल मी कागद घेऊन पडेगावला गेलो. मुलीनं बापाशेजारी बसून सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. बापाची बाजू आली की ती त्याच्याकडं बघायची आणि तो, "हं, पुढं," म्हणायचा. वाचून झाल्यावर त्यानं कागद हातात घेतले, उलटसुलट करून बघितले, आणि मुलीकडं परत दिले. ती म्हणाली, "आबा, जेवायला वाढू का?" तो म्हणाला, "वाढ."

मी निघालो तेव्हा तो कुंपणापर्यंत आला.

"साहेब, दिवाळीनंतर गंगापूरला उतरनार हाय."

"या की," मी म्हणालो.

"उतरनार. पन तुमच्या रानात नाय बसवनार. तेवढं तुमच्या भावाला कळवा. त्यांनी वाट बघू नये."

घरी येऊन मी भावाला फोन केला आणि यंदापासून मेंढरं येणार नाहीत म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, त्या हिवाळ्यात त्यानं केलेल्या फोनसकट.

मग तो म्हणाला, "बरोबर केलं त्यांनी," आणि फोन ठेवून दिला.